अडीच लाखांची सोयरीक

पत्र: मी पिंपरी-चिंचवडला राहते. माहेर सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. वडील गेले. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे, बी.ए. अर्धवट सोडून शेती बघतो. चार एकर रान आहे, टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून दोन एकर द्राक्षबाग केली आहे, दोन म्हशी आहेत. कसलंही व्यसन नाही. पाच वर्षं स्थळं बघतोय आणि सगळीकडून एकच उत्तर येतं: मुलगा चांगला आहे, पण शेती करतो. आता शेजारच्या तालुक्यातला एक मध्यस्थ घरी येऊन गेला. मुलगी लांबची आहे, आईबाप नाहीत, मामा लग्न लावून देणार. अडीच लाख द्यायचे, त्यातले पन्नास हजार आधी. आधार कार्डावर वय १९ आहे, फोटोत मात्र लहान वाटते. आई म्हणते, निम्मे गावच्या सोसायटीतून कर्ज उचलू, निम्मे तू दागिने ठेवून दे. शिवाय सातबाऱ्यावरचं तुझं नाव काढून घे, बहिणीचं नाव असलं की पाहुणे बिचकतात. माझे मिस्टर म्हणतात, भावाच्या संसाराला आडवी येऊ नकोस. भाऊ गप्प आहे. मी नाही म्हटलं तर जन्मभर बोल लागेल. काय करू? भावाचा बायोडेटा सोबत पाठवते, तुमच्या माहितीत कुणी असेल तर बघा.

ताई,

पैसे देऊ नका. दागिने ठेवू नका, आणि ते पन्नास हजार सोसायटीतूनही उचलले जाणार नाहीत एवढं बघा. बाकीचं सावकाश बोलता येईल. हे मात्र आधी, कारण असले मध्यस्थ कायम घाईत असतात. दुसरी पार्टी तयार आहे, परवापर्यंत सांगा, मुहूर्त पुन्हा नाही. पाच वर्षं नकार ऐकलेल्या घराला विचार करायला सवड मिळाली तर त्यांचा धंदाच बसेल.

फसवणुकीची रीत ठरलेली असते. लग्न कुठल्यातरी देवळात उरकतात. मुलीकडून मामा, मावशी, एक 'मानलेला भाऊ' अशी चार डोकी येतात. पैसे रोख, तेही अक्षता पडायच्या आधी. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं अंगावर चढतं. आठ दिवस नीट जातात, देवदर्शन होतं. मग मामा आजारी असल्याचा फोन येतो, किंवा फोनही येत नाही, पहाटे नुसतं दार उघडं सापडतं. मामाचा नंबर बंद, मध्यस्थ कानावर हात ठेवतो. घरचे पोलिसांत जात नाहीत, कारण गावात हसं होईल. त्या लाजेच्या जोरावरच तीच मुलगी पुढच्या तालुक्यात पुन्हा बोहल्यावर चढते.

आईला हे सगळं सांगा, त्यांना ते पटेल. तुम्हाला मात्र वेगळं सांगते. मला जास्त धास्ती आहे ती फसवणूक न होण्याची.

समजा मुलगी पळून गेलीच नाही. समजा ती खरोखरच बिनआईबापाची पोर आहे आणि अडीच लाख मामा नि मध्यस्थ वाटून घेणार आहेत. तिच्या हातात त्यातला रुपया येणार नाही. ती अशा गावात येईल जिथं तिच्या ओळखीचं कुणी नाही, रागावून जायला माहेर नाही. पळून जाईल म्हणून तिला फोन दिला जाणार नाही, बाजाराला एकटीला सोडणार नाहीत, शेजारणीशी दोन शब्द जास्त बोलली तरी चौकशी होईल. आमटी खारट झाली की 'एवढे पैसे मोजलेत' हे कुणाच्या तरी तोंडून निघेल. तुमची आई वाईट आहे असं मी म्हणत नाही. पैसे मोजले की भल्या माणसांच्या तोंडूनही ते निघतंच.

आणि फोटोत ती लहान वाटते असं तुम्ही लिहिलंय. सबंध पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि तुम्ही ती अर्ध्या वाक्यात उरकून पुढे गेलात. आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पुरावा मानला जात नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला लागतो. आपल्याकडे असं होत नाही असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर पाच स्त्रियांत एकीहून थोड्या जास्तच अशा निघाल्या, ज्यांचं लग्न अठराच्या आत उरकलेलं होतं. मुलगी अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, निघाली तर बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली नवरदेवाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावणारेही त्यातून सुटत नाहीत. त्यापुढे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा, आणि बलात्काराचं कलम आहे, तिथं 'ती माझी लग्नाची बायको आहे' हे उत्तर चालत नाही. मध्यस्थ तोवर कुठल्या कुठं गेलेला असेल. कोर्टाच्या पायऱ्या झिजवेल तुमचा भाऊ.

तरीही आईचं समाधान होत नसेल तर मध्यस्थापुढे साध्या अटी ठेवा. शाळेचा दाखला दाखवा. आम्ही दोघी मुलीच्या गावी येतो, तिच्याशी एकटीशी बोलतो, तिथल्या अंगणवाडी सेविकेला भेटतो. आणि लग्न विशेष विवाह कायद्यानं, विवाह नोंदणी कार्यालयात करू. त्यात आधी नोटीस द्यावी लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. खरोखर लग्न करून द्यायचं असेल त्याला महिनाभर थांबायला हरकत नसते. मला वाटतं, पहिल्याच अटीला हा माणूस पुन्हा फिरकणार नाही.

तो फिरकला नाही म्हणून तुमचं काम मात्र संपत नाही. तुमच्या दारातून उठून तो दुसऱ्या दारात जाईल, तोच फोटो घेऊन. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, नाव न सांगताही बोलता येतं. मध्यस्थाचा नंबर, मुलीचं सांगितलेलं गाव, जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगा. गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, त्याच्याही कानावर घाला. आणि तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका.

आता भावाचं.

पाच वर्षं नकार आले की घरातल्यांना वाटायला लागतं, पोरातच काहीतरी खोट आहे. पोरालाही तसंच वाटायला लागतं. म्हणून थोडा हिशेब मांडते. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८५१. शेजारच्या कोल्हापुरात ८३९. साखर, दूध, शिक्षण, सहकार या सगळ्यात पुढे असलेले हे जिल्हे. सोनोग्राफीचं मशीन आलं तेही इथं आधी आलं, आणि ते परवडणारी माणसंही इथंच होती. गर्भलिंग चाचणीवर राज्याचा कायदा १९८८ मध्ये झाला, देशाचा १९९४ मध्ये. तरीही २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले स्त्रीभ्रूण उकरून काढावे लागले. २००१ मधली ती बालकं आज पंचवीस-तिशीची आहेत. म्हणजे तुमच्या भावासाठी ज्या मुली बघायच्या, त्यांतल्या कितीतरी जन्मालाच आल्या नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेली. टीव्हीवर लोकांनी ते हसत बघितलं. त्यांची एक मागणी गर्भलिंग निदानाचा कायदा नीट राबवा ही होती, ती हसण्यासारखी नव्हती.

पण हा झाला अर्धा हिशेब. ज्या जन्मल्या, त्या शिकल्या. एसटीचा मोफत पास काढून रोज तालुक्याला गेल्या, बारावी झाल्या, पुढे नर्सिंग, डी.फार्म., बी.एस्सी. केलं. त्यांच्या वर्गातली पोरं बारावीनंतर मोटरसायकलवर फिरत राहिली. (तुमचा भाऊ त्यातला नाही हे मान्य, पण मुलीचा बाप आधी गावातल्या पारावर कोण बसलंय ते बघतो.) शिवाय या मुलींनी आपल्या आईला बघितलंय. पहाटे उठून शेणघाण, मग डबे, मग छाटणीच्या दिवसांत बागेत वाकून काम, संध्याकाळी पुन्हा धारा, आणि वर्षाखेरीला बागेचे पैसे आले की ते कुठं गेले हे तिला कुणी सांगायचं नाही. अशा घरातल्या मुलीला शेतकरी नवरा नको असेल तर तिला शेतीचा कंटाळा आहे असं समजू नका. तिला आईसारखं जगायचं नाही, एवढंच.

आणि रागावू नका, पण एक विचारते. तुमचे मिस्टर काय करतात ते तुम्ही लिहिलं नाही, तरी पिंपरी-चिंचवडला आहात म्हणजे नोकरी किंवा धंदा असणार. तुमच्या वेळी शेती करणाऱ्याचं स्थळ आलं असतं तर वडिलांनी पुढं जाऊ दिलं असतं? तुम्ही जाऊ दिलं असतं? आज तुमच्या भावाला जे बाप नकार देताहेत ते तुमच्या वडिलांसारखेच आहेत. त्यांनाही नोकरीवाला जावई हवा, वर गावाकडे पाच एकर बागायत हवी. शेती हवी, शेतकरी नको.

तुम्ही पाठवलेला बायोडेटा समोर आहे. वर गणपती, खाली कुलदैवत, मग उंची, रास, नाडी, मामाचं कूळ. 'शेती : ४ एकर बागायत.' 'घर : स्वतःचे, स्लॅबचे.' आणि शेवटी : 'अपेक्षा : सुशील, गृहकृत्यदक्ष, एकत्र कुटुंबात राहणारी, शेतीकामाची आवड असणारी. आपल्यातलीच.' फोटो गॉगल लावलेला, मागं ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टर तुमचा नाही, कारण पत्रात तुम्ही म्हशी मोजल्यात, ट्रॅक्टर नाही.

हा कागद एखाद्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीच्या हातात पडला तर ती त्यातून काय वाचेल? एक कामाची जागा रिकामी आहे, एवढंच. तुमच्या भावाला रोज काय येतं, काय जमतं, तो कसा आहे, यातलं काही त्यात नाही. पाणी आल्यावर त्यानं दोन एकर बाग उभी केली. द्राक्षबाग म्हणजे एप्रिलची खरड छाटणी, पुन्हा ऑक्टोबरची फळछाटणी, फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी रोगाच्या भीतीनं रात्री पंप घेऊन फिरणं. हे करणारा माणूस आळशी नाही, बेहिशेबीही नाही. ते लिहा. बागेवर कर्ज किती आहे तेही लिहा. लपवलेलं कर्ज लग्नानंतर कळलं की विश्वास उडतो, आणि हल्ली सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर मोबाईलवरच दिसतो.

मग घराकडे बघा. मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन जातात, पण मुलीच्या डोक्यात वेगळे प्रश्न असतात आणि ते विचारायची तिला मुभा नसते. न्हाणीला कडी आहे का? संडास घरात आहे की परड्यात? शेणाचं कोण बघतं? मी तालुक्याला नोकरीला गेले तर चालेल का, आणि पगार कुणाच्या हातात? डी.फार्म. झालेल्या मुलीला विट्याच्या मेडिकलमध्ये काम करता येईल, शिक्षिका असेल तर शाळेत जाता येईल. तुमच्या घरात ते चालणार असेल तर 'शेतीकामाची आवड' ही ओळ खोडा आणि 'नोकरी केल्यास आनंद आहे' असं लिहा. चालणार नसेल तर नकारांचं आश्चर्य करू नका.

सातबाऱ्याचं. हक्कसोडपत्रावर या गडबडीत सही करू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि नोंदणीकृत हक्कसोड एकदा केलं की मागं फिरणं फार अवघड. पुढे कधी तुम्हाला मनापासून भावाला हिस्सा द्यावासा वाटला तर जरूर द्या, पण तो सोयरिकीचा सौदा म्हणून नको. त्यापेक्षा उलटं करून बघा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. गावोगावच्या शेतकऱ्यांनी स्वतः होऊन बायकोच्या नावावर जमीन करून दिली. पुढे सरकारनंही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. भावानं बायोडेट्यात लिहावं, की माझ्या हिश्श्यावर लग्नानंतर बायकोचं नाव लावीन. असं वाक्य मी तरी अजून कुठल्या बायोडेट्यात वाचलेलं नाही. मुलीच्या बापाला बहिणीचं नाव खुपत असेल, तर आपल्या मुलीचं नाव बघून तो दोन मिनिटं थबकेल.

आणि 'आपल्यातलीच'. यावर मी व्याख्यान देणार नाही. पण गंमत बघा, मध्यस्थानं आणलेल्या मुलीची जात कुणी विचारली का? पत्रात तरी दिसत नाही. मामा सांगेल ती जात, मामा सांगेल ते वय, सगळं चालतंय. मग पाच-दहा गावांपलीकडच्या, माहितीतल्या, पोटजात वेगळी असलेल्या घरात जायला काय अडचण होती? विधवा किंवा घटस्फोटित मुलगी बघितलीत का? कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनं बाकी गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव सोपा, तीच बाई सून म्हणून आणायची म्हटलं की घरात सुतक. तुमच्या पंचक्रोशीत तिशीतल्या, एखादं मूल असलेल्या, शेतीतलं सगळं कळणाऱ्या, माहेरी जड झालेल्या बायका असतीलच. त्यांच्यातल्या एखादीला तुमचा भाऊ आवडूही शकेल. अर्थात तिनं हो म्हटलं तर. तिच्यावर उपकार करतोय असा चेहरा करून गेलात तर तीही नकार देईल, आणि बरोबर करेल.

आईशी भांडू नका. त्यांची भीती सून येण्या-न येण्याइतकी साधी नाही. आपण गेल्यावर पोराला भाकरी कोण घालणार, ही ती भीती आहे. भाऊ भाकऱ्या थापायला शिकला तर त्यातली निम्मी आत्ताच कमी होईल, आणि मुलगी बघायला येणाऱ्यांनाही सांगण्यासारखं काहीतरी मिळेल. गावात बोल लागेल म्हणता, तो कदाचित लागेलही. तरी अज्ञान मुलीच्या केसमध्ये भावाचं नाव आलं तर त्यापेक्षा बराच मोठा बोल लागेल, हे मिस्टरांनाही सांगा.

राहता राहिला भाऊ, जो सगळ्या पत्रात एक शब्दही बोलत नाही. फोनवर विचारू नका, आई शेजारीच असते. दोन दिवस माहेरी जा. तो पाणी द्यायला बागेत जाईल तेव्हा त्याच्यासोबत जा आणि सरळ विचारा : तुला लग्न करायचंय का? कसली बायको हवी? ही मुलगी तुला चालणार आहे का? तो कदाचित म्हणेल, मला कुणीच नको, मला सोडा. तसं म्हणाला तर तेही उत्तर धरा, आणि मग आईच्या म्हातारपणाची नि त्याच्या एकटेपणाची व्यवस्था लावायची, लग्नाची नाही. कदाचित त्याच्या मनात कुणीतरी असेलही, जिचं नाव जातीमुळे घरात काढायची त्याची छाती झाली नसेल. पाच वर्षं कुणी विचारलंच नाही तर तो तरी कधी सांगणार?

आणि हो, त्याचा बायोडेटा मी कुणाला पाठवलेला नाही. नवा त्यालाच लिहायला लावा, गॉगल काढून फोटो बागेतला काढा, आणि 'अपेक्षा'खाली काय लिहायचं ते आईला विचारू नका. तयार झाला की पाठवा.